तळघरातल्या जॅझ क्लबात पहिल्यांदा जाताय? कोल्हापूरकरांसाठी थोडी तयारी

गेल्या दोन वर्षांत मला हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय की एकदा नीट लिहूनच काढते. पोरं न्यूयॉर्कला नाहीतर न्यूजर्सीला असतात, आपण दोन-तीन महिने राहायला जातो, पुतळा, पूल, म्युझियम सगळं बघून होतं आणि मग एखाद्या दिवशी मुलगी म्हणते, आई चल आज जॅझ ऐकायला जाऊ, एक तळघरातला छोटा क्लब आहे. की आपल्या पोटात गोळा. त्यातलं आपल्याला काय कळतंय, कपडे काय घालायचे, दारू घ्यावीच लागते का, मधे उठता येतं का, टाळ्या कधी वाजवायच्या. मी पहिल्या ट्रिपला सरळ नको म्हणाले होते. दुसऱ्या ट्रिपला गेले, आणि त्या रात्री लक्षात आलं की हे ऐकायचे कान मला कोल्हापूरनंच दिलेत.

म्हणजे बघा, लहानपणी बाबा मला देवल क्लबात गाण्याला घेऊन जायचे. १८८३ पासूनची संस्था, सतरंजीवर पुढं बसायचं, तंबोरे जुळेपर्यंत गप्प राहायचं, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की मान आपोआप हलायची, ती कुणी शिकवली नव्हती. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात आणलं आणि जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं या गावात मुरलं, आणि त्या गाण्याची खासियतच ही की तान लयीला गुंफून पुढं जाते, वळणं घेत घेत, आणि समेवर अशी येऊन बसते की ऐकणाऱ्याला आधी वाटतं आता चुकणार आणि मग हायसं वाटतं. जॅझमधे हेच हायसं वाटणं आहे. चार-पाच माणसं एक चाल ठरवतात, एकदा सरळ वाजवतात, मग त्याच चौकटीत एकेक जण आपल्या मनानं वाढवत नेतो आणि शेवटी सगळे मिळून मूळ चालीवर परत येतात. आपल्याकडं चौकट राग आणि तालाची, त्यांच्याकडं स्वरगुच्छांच्या ठरलेल्या क्रमाची, ज्याला ते कॉर्ड्स म्हणतात. एवढा फरक मनात पक्का केला की अर्धी भीती जाते.

पहिली पायरी: सुरुवात घरात, कोल्हापुरातच

जायच्या आधी निदान महिनाभर ऐका. रोज अर्धा तास, पण नुसतं. भाजी निवडत नको, गाडीत नको.

आम्ही राजारामपुरीत दर महिन्याच्या एका रविवारी संध्याकाळी बसतो, ओळखीच्यांच्या दुकानाखाली माल ठेवायचं तळघर आहे तिथं. तळघर म्हटलं की आपल्याकडं लोक बिचकतात, २०१९ आणि २०२१ चा पूर अजून डोळ्यासमोर आहे, पण आमची गल्ली उंचावर आहे आणि तळघर कोरडं आहे म्हणून जमतं. तुमच्याकडं अशी जागा असेल तर पहिल्यांदा ओल बघा, मग बाकीचं. पंधरा-वीस खुर्च्या पुरतात. सुरुवातीला आम्ही स्पीकर जमिनीवर कोपऱ्यात ठेवले होते, तर खालचा आवाज नुसता घुमायचा, बेसचा, म्हणजे जाड तारांच्या त्या मोठ्या वाद्याचा, एक सूर दुसऱ्यापासून वेगळा कळेना. मग स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर टेबलावर घेतले, कोपऱ्यातून दोन-तीन फूट बाहेर ओढले आणि भिंतींना जुन्या वाकळा टांगल्या. सिमेंटच्या खोलीत वाकळेसारखं दुसरं काही नाही, प्रतिध्वनी एकदम बसतो. आत येताना फोन टोपलीत टाकायचे. लाइट कमी. एका बैठकीत एकच रेकॉर्डिंग, पंचेचाळीस मिनिटं सलग, मधे कुणी बोलायचं नाही, आणि चहा संपल्यावर. हे शेवटचं महत्त्वाचं आहे कारण आमच्याकडं पहिल्यांदा चहा सुरुवातीला होता तर कपांचा आवाज आणि गप्पा थांबेचनात.

ऐकायला काय घ्यायचं? माझं मत विचाराल तर स्टुडिओतलं आधी ऐकू नका, क्लबात बसून रेकॉर्ड केलेलं ऐका. न्यूयॉर्कमधे व्हिलेज व्हॅनगार्ड नावाचा तळघरातला क्लब आहे, १९३५ ला सुरू झालेला, तिथं २५ जून १९६१ ला, रविवारी, बिल एव्हान्स या पियानोवादकाच्या त्रिकुटाचं दिवसभराचं वादन रेकॉर्ड झालं. पियानोवर बिल एव्हान्स, बेसवर स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशन. त्यात मागं ग्लास किणकिणतात, लोक कुजबुजतात, कुणीतरी हसतं, आणि त्या सगळ्याच्या पुढं ही तीन माणसं एकमेकांचं ऐकत वाजवतायत. बेसवाला मागं राहून ठेका धरत नाही, तो पियानोशी बोलतो. स्कॉट लाफारो त्यानंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, मोटार अपघातात गेला, पंचविशीतला पोरगा. हे कळल्यावर आमच्या तळघरात बराच वेळ कुणी बोललं नाही.

अजून एक सोय आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. त्याच भागात स्मॉल्स नावाचा दुसरा तळघरातला क्लब आहे, १९९४ पासूनचा, ते आपले कार्यक्रम इंटरनेटवर थेट दाखवतात. तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा. पहाटे उठायची सवय असलेल्यांना तर हे वरदानच आहे, रंकाळ्यावर फिरायला जायच्या आधी एक बैठक ऐकून होते. तो कॅमेरा, ती खोली, माणसं किती जवळ बसतात, सगळं बघून घ्या म्हणजे तिथं गेल्यावर परकं वाटत नाही.

दुसरी पायरी: पेरांवर मोजायला शिका

हे मी सगळ्यांना आधी शिकवते आणि एवढं एकच जमलं तरी संध्याकाळ वसूल होते.

जॅझमधे एक साचा सारखा सारखा येतो, बारा बारचा ब्लूज. बार म्हणजे चार मात्रांचं एक घर. अशी बारा घरं, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा, की एक आवर्तन पुरं. आता हात पुढं करा. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येक बोटाला तीन पेरं, झाली बारा. आपण पेरांवर मोजतोच, जप करताना, दिवस मोजताना. फक्त इथं बोटाबोटानं खाली उतरायचं नाही, आडवं जायचं. आधी चारी बोटांची टोकाची पेरं, तर्जनीपासून करंगळीपर्यंत, ही पहिली ओळ. मग मधली चार, ही दुसरी ओळ. मग खालची चार, तिसरी ओळ. अंगठा एका पेरावर ठेवून मनात एक दोन तीन चार म्हणायचं आणि पुढच्या पेरावर सरकायचं.

आडवं का, तर ब्लूजचं गाणं मुळात तीन ओळींचं असतं. पहिली ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, आणि तिसरी ओळ त्याचं उत्तर. भजनात बुवा एक ओळ घोळवतात आणि मग पुढची टाकतात तसंच. आणि खालचे स्वर पण ओळीप्रमाणं बदलतात. पहिली ओळ घरात, षड्जावर. दुसरी ओळ सुरू होताना, म्हणजे मधल्या पेरांपैकी पहिल्यावर, बेस मध्यमावर जातो आणि ओळीच्या मधेच परत षड्जावर येतो. तिसरी ओळ पंचमावरून सुरू होते आणि खाली उतरत घरी येते. सा, म, प. एवढंच. वाजवणारे त्यात हजार गोष्टी घालतात पण हाड हेच. पेरावर अंगठा ठेवून पाचव्या घराची वाट बघा, तिथं बेस खरंच हलतो, आणि तो हलला की तुमच्या अंगावर काटा येईल कारण तुम्हाला तो हलणार हे आधी माहीत होतं. समेची मजा तीच तर आहे ना.

दुसरा साचा बत्तीस घरांचा. आठ-आठच्या चार ओळी, पहिली दुसरी सारखी, तिसरी वेगळी, चौथी परत पहिल्यासारखी. अस्थायी, अस्थायी, अंतरा, अस्थायी असं धरून चाला. तिसऱ्या ओळीला हवा बदलते, ते ओळखता आलं की झालं, बोटं मोजत बसायची गरज नाही.

आणि टाळी. आपण लेझीम, ढोल, आरती सगळीकडं टाळी पहिल्या मात्रेवर देतो, हात तसेच वळलेत. जॅझमधे जोर दुसऱ्या आणि चौथ्यावर. आमच्या बैठकीला एक पोरगा येतो, लग्नाच्या बँडमधे क्लॅरिनेट वाजवतो, त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं, "काकू, एकवर पाय आपटा आणि दोनवर टाळी द्या, आठवडाभर चालताना असंच करा." मी केलं. देवळातनं येताना, जिना चढताना, आठवड्यानं खरोखर बसलं. ड्रमवाल्याच्या डाव्या पायाखाली दोन झांजा असतात, त्या मिटतात तो चिक असा आवाज दोन आणि चारवरच येतो, तो कानानं धरा म्हणजे चुकणार नाही. उजव्या हाताला मोठी झांज असते, तिच्यावर डिंग, डिंग-अ-डिंग असं सारखं चालू असतं, ती लय. आणि कधी कधी ड्रमवाला काठ्या ठेवून तारांचे कुंचे घेतो, त्यांना ब्रश म्हणतात, ते कातड्यावर गोल फिरवले की सुपात तांदूळ पाखडल्यासारखा आवाज येतो. मोठ्या हॉलमधे हा आवाज माइकशिवाय पोचणं अवघड. तळघरातच जायचं ते त्यासाठी.

आपलं जॅझशी नातं नवीन नाही हेही सांगते, कारण काही जण म्हणतात हे परक्यांचं आहे, आपल्याला काय करायचंय. मुंबईत १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजत होतं, अमेरिकेतले काळे वादक येऊन राहिले होते, आणि त्यांच्याकडून गोव्यातल्या वादकांनी उचललं. त्यातलेच चिक चॉकलेट, ट्रम्पेटवाले, ते आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करायचे, म्हणजे अण्णांच्या गाण्यांतला तो ट्रम्पेट आणि ती नाचरी लय आपण बालपणापासून ऐकतोय. अमेरिकेतले मोठे जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन १९६३ ला भारतात येऊन गेले. १९७८ ला मुंबईत जॅझ यात्रा नावाचा महोत्सव सुरू झाला, त्यात सॅक्सोफोनवाले सॉनी रॉलिन्स वाजवून गेले, आणि याच रॉलिन्सनी १९५७ च्या नोव्हेंबरात त्या व्हॅनगार्डच्या तळघरात पियानो न घेता, नुसता सॅक्सोफोन, बेस आणि ड्रम एवढ्यावर रेकॉर्डिंग केलेलं. जॉन कोलट्रेन या सॅक्सोफोनवाल्याला आपल्या संगीताची इतकी ओढ होती की त्यानं मुलाचं नाव रवी ठेवलं, रविशंकरांवरून.

तिसरी पायरी: तिकीट, वार, वेळ

मी व्हॅनगार्डचं उदाहरण धरून सांगते कारण मी तिथंच गेले, पण बहुतेक छोट्या क्लबांत थोड्याफार फरकानं असंच असतं.

तिकीट आधी ऑनलाइन काढा. जागाच १२३ माणसांची आहे, आपल्या एखाद्या लहान मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या एका पंगतीएवढी, दारात जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. रात्री दोन सेट, आठ आणि दहा. सेट म्हणजे एक बैठक, साधारण तासाभराची थोडी पुढं-मागं, आणि तिकीट एका सेटचं असतं, दोन्ही ऐकायचे तर दोन तिकिटं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं आठचाच घ्यावा. दहाच्या सेटला वादक जास्त मोकळे असतात हे खरं, पण जेट लॅग असेल तर तुम्ही पेंगणार आणि पहिल्या रांगेत पेंगलेलं बरं दिसत नाही.

वार कुठला? मंगळवार ते रविवार आठवडाभर एकच मंडळी वाजवतात. मंगळवारी-बुधवारी गर्दी जरा कमी, पण मंडळी अजून एकमेकांना चाचपत असतात, शनिवार-रविवारपर्यंत हात बसलेला असतो. मला विचाराल तर गुरुवार. सोमवारी मात्र वेगळं, त्यांचा स्वतःचा सोळा जणांचा मोठा वाद्यवृंद वाजवतो, १९६६ पासून सोमवारचा हा रिवाज चालू आहे. एवढ्याशा खोलीत सोळा माणसं एकदम वाजवायला लागली की छाती हादरते, ज्यांना बँड आवडतो त्यांनी सोमवार घ्यावा, ज्यांना बारकाईनं ऐकायचंय त्यांनी तीन-चार जणांचा दिवस बघावा.

तिकिटावर जागेचा नंबर नसतो, पहिला येईल त्याला आधी. म्हणून निदान पाऊण तास आधी रांगेत उभं राहा. थंडीत गेलात तर कानटोपी हवीच कारण रांग रस्त्यावर असते.

जेवून जा. तिथं जेवण मिळत नाही. संध्याकाळी सहाला जेवणं आपल्याला जड जातं पण इलाज नाही, रिकाम्या पोटी बसलं की सगळं लक्ष घड्याळाकडं.

कपड्यांचं काही नाही. मी सुती साडी आणि शाल नेसून गेले, कुणी वळून पण बघितलं नाही. शाल घ्याच, खाली एसी असतो. आणि करकर वाजणारं कोल्हापुरी पायताण घरी ठेवा, आपल्याला त्या आवाजाचा अभिमान आहे पण तिथं बेस हळू वाजत असताना उठलात तर सगळ्या खोलीला ऐकू जाईल.

चौथी पायरी: जिना उतरल्यावर

दार रस्त्यावर, वर लाल रंगाचं छत, आणि आत लगेच अरुंद उभा जिना खाली जातो. गुडघे दुखणाऱ्यांनी कठडा धरून सावकाश उतरा, मागच्यांना थांबू दे. लिफ्टच्या भरवशावर कुठल्याच जुन्या तळघरात जाऊ नका, आधी फोन करून विचारा.

खाली गेलं की पहिल्यांदा वाटतं, एवढंसंच? खोली त्रिकोणी आहे, निमुळत्या टोकाला स्टेज, मागं लाल पडदा, आणि भिंतीवर जुन्या वादकांचे फोटो. छत खाली. आपल्या खासबागेत कुठंही बसलं तरी कुस्ती दिसते, शाहू महाराजांनी मैदान बांधतानाच तसं बघितलं, तळघरांचं तसं नसतं, वर अख्खी इमारत असते म्हणून खांब येतात. बसायच्या आधी एकदा मान वाकडी करून बघा की पियानोवाल्याचे हात दिसतायत का. बसवणारा माणूस एक जागा दाखवेल, ती खांबाआड असेल तर नम्रपणे दुसरी मागा, मागितली तर देतात.

कुठं बसावं यावर माझं ठाम मत आहे. अगदी पुढं पहिल्यांदा नको, कारण झांजा कानाशी येतात आणि पाऊण तासानं डोकं भरतं. भिंतीकडची बाकं, स्टेजपासून तिसऱ्या-चौथ्या ओळीच्या अंतरावर, पियानोच्या बाजूला. तिथं सगळी वाद्यं एकजीव होऊन येतात. दुसऱ्यांदा जाल तेव्हा मात्र मुद्दाम पुढं बसा, वादक एकमेकांकडं कसे बघतात, एखाद्याला सुचलेलं आवडलं की दुसरा कसा हसतो, हे बघण्यासारखं दुसरं काही नाही, साथीदारानं बरोबर जागा घेतल्यावर आपले गवई तबलजीकडं बघतात तसं.

पिण्याचं. एक ड्रिंक घ्यावं लागतं, ते तिकिटाच्या वर असतं. दारूच पाहिजे असं अजिबात नाही. मी जिंजर एल घेतलं, आल्याचं गोडसर सोड्यासारखं असतं, सोडा-लिंबू किंवा ज्यूसही चालतो. ऑर्डर सेट सुरू व्हायच्या आधी द्या म्हणजे गाणं चालू असताना वेटरला हाका मारायला लागत नाहीत. पैसे देताना अमेरिकेत वीस टक्क्यांपर्यंत टिप देतात, ती धरूनच हिशोब करा, नाहीतर पोरांना उगाच संकोच. दारू घेणाऱ्यांनी पासपोर्ट किंवा ओळखपत्र जवळ ठेवा, केस पिकलेल्यांना पण विचारतात.

फोन बंद. सायलेंट नाही, बंद. फोटो, रेकॉर्डिंग काही चालत नाही आणि ते बरंच आहे. अंधारात एका स्क्रीनचा उजेड चार टेबलांना त्रास देतो.

पाचवी पायरी: सुरू झाल्यावर

पहिली दोन-तीन मिनिटं काहीच मोजू नका. मूळ चाल सरळ वाजते, ती मनात गुणगुणून पक्की करा, कारण पुढं बराच वेळ तीच चाल दिसणार नाही पण खाली असणार आहे. मग एक जण पुढं होतो, बहुतेक सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट, बाकीचे आवाज कमी करून त्याला जागा देतात. त्याचं झालं की लोक टाळ्या वाजवतात, मधेच, वादन चालूच असतं. तुम्ही पण वाजवा. आपल्याकडं जागा आवडली की तिथल्या तिथं वाह निघतं, तिथं पण हळू आवाजात "यॅ", "येस" असं म्हणणारे असतात, माझ्या तोंडून वाह गेलं तर शेजारचे गृहस्थ खुशीत हसले.

यानंतर पियानो, मग बेस. आणि इथं माझ्याकडून चूक झाली ती सांगते. बेसचा नंबर आला की बाकी सगळे जवळजवळ थांबतात, आवाज एकदम खाली जातो, मला वाटलं मधली सुट्टी झाली, आणि मी मुलीकडं वळून नेहमीच्या आवाजात विचारलं की आपण शेवटची गाडी किती वाजता धरायची. पुढच्या टेबलावरच्या बाईंनी वळून ओठावर बोट ठेवलं. मला फार वाईट वाटलं, कारण देवल क्लबात आलापीत कुणी बोललं असतं तर मी पण हेच केलं असतं. म्हणून सांगते, आवाज कमी झाला की आपण जास्त गप्प व्हायचं. बेसचा भाग हा त्या संध्याकाळचा सगळ्यात नाजूक भाग असतो, जाड तारेवर बोट सरकल्याचा आवाज पण ऐकू येतो, पुढं वाका आणि तो ऐका.

मग कधी कधी चार-चार घरांची देवाणघेवाण चालू होते, सॅक्सोफोन चार घरं वाजवतो, ड्रम चार घरं उत्तर देतो, परत सॅक्सोफोन. याला ते ट्रेडिंग फोर्स म्हणतात, आपला सवाल-जवाबच. इथं पेरं परत कामाला येतात. ड्रमच्या चार घरांत कुठलाही सूर नसतो, सगळं सुटल्यासारखं वाटतं, पण अंगठा टोकाच्या चार पेरांवरून चालवत राहा, करंगळी संपली की सॅक्सोफोन बरोबर आत येतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी टेबलाखाली मुलीचा हात घट्ट दाबला होता.

म्होरक्यावर नजर ठेवा. त्यानं हात डोक्याला लावला की समजायचं आता परत मूळ चालीवर यायचंय, कारण मूळ चालीला ते हेड म्हणतात. ही खूण तुम्हाला कळली आणि शेजारच्याला नाही, याचा एक वेगळाच आनंद असतो.

न आवडलं तर? होतं असं. सगळेच वादक काही आपल्या मनाला लागत नाहीत, काही जण फार तुटक, फार टोकदार वाजवतात. तेव्हा सगळं ऐकायचा हट्ट सोडा, एकाच वाद्याला धरा, नुसत्या त्या मोठ्या झांजेला किंवा नुसत्या बेसला, आणि सेट संपेपर्यंत त्याच्याबरोबर राहा. मधे उठून जाऊ नका, खुर्च्या इतक्या जवळ असतात की तुम्ही उठलात की आठ माणसं उठतात. बाथरूमला आधीच जाऊन या.

लहान नातवंडांना नेऊ नका असं माझं मत. दहा-बारा वर्षांपुढचं, एखादं वाद्य शिकणारं मूल असेल तर क्लबाचा वयाचा नियम विचारून जरूर न्या.

सेट संपल्यावर

दोन सेटच्या मधे खोली रिकामी करतात, रेंगाळू नका. पण बाहेर पडताना वादक बहुतेक तिथंच कुठंतरी उभे असतात, बारपाशी नाहीतर जिन्याजवळ. जाऊन बोला. आपल्याला संकोच वाटतो, एवढा मोठा कलाकार, पण ते साध्या टीशर्टात उभे असतात आणि कुणी ऐकून काही विचारलं तर त्यांना बरं वाटतं. मी बेसवाल्याला सांगितलं की मी कोल्हापूर नावाच्या गावाहून आले, तिथं आम्ही बारा मात्रांचा एकताल बोटांवर मोजतो, आणि पेरं दाखवली. त्यानं माझ्याबरोबर स्वतःच्या बोटांवर सबंध एक आवर्तन मोजलं आणि मग मलाच विचारलं की हळू लयीत ते किती लांब जातं. सीडी विकायला असेल तर तिथंच घ्या, पैसे थेट त्यांच्या हातात जातात.

परतीचं आधीच ठरवून ठेवा. जर्सी सिटीकडं राहणाऱ्यांना ख्रिस्तोफर स्ट्रीटची किंवा चौदाव्या रस्त्याची पाथ, म्हणजे न्यूजर्सीला जाणारी लोकल गाडी, चालत जायच्या अंतरावर आहे, रात्रभर चालू असते पण उशिरा दोन गाड्यांमधलं अंतर वाढतं. एडिसनकडं जाणाऱ्यांना सबवेनं पेन स्टेशन गाठून तिथून रेल्वे, तिचं टाइमटेबल फोनवर आधीच काढून ठेवा, दहाच्या सेटनंतर घाई होते.

आणि गाडीत बसल्या बसल्या वहीत लिहा. वादकांची नावं, कोण काय वाजवत होतं, म्होरक्यानं सांगितली तर चालींची नावं, कुठल्या वेळी अंगावर काटा आला ते. सकाळपर्यंत निम्मं विसरतं. माझ्या वहीतल्या त्या रात्रीच्या पानावर तीन चालींची नावं होती, कोल्हापूरला आल्यावर पहिल्या रविवारी त्या तिन्ही शोधून आम्ही राजारामपुरीच्या तळघरात लावल्या, आणि दुसऱ्या चालीत क्लॅरिनेटवाल्या पोरानं पाचव्या घराच्या आधीच डोळे मिटून मान हलवली.